प्रथम पुरुष, भविष्यकाळ

ओळ क्रमांक अकराशे बेचाळीस.
एअरलॉकचं दार सरकतं, नेवाच्या तोंडी एकच वाक्य,
परत आल्याचं.
अठ्ठेचाळीस अक्षरांत बसवायचं.
मूळ भाषेला फिकीर नाही.
मराठी मात्र उंबऱ्यातच अडवते:
आलो, की आले?

खालच्या गाळ्यात पँटच्या चेनचे दात पाडणारं मशीन
रात्रपाळीला लागलंय. मरोळमधलं हे टेबल थरथरतं,
कपातल्या चहावर वर्तुळं उठतात.
शनीभोवतीची कडी अशीच असावीत,
बारीक, सतत,
कुणाच्या तरी कामामुळे.

निनाद सबनीस म्हणतो, जेंडरच्या रकान्यात
प्रश्नचिन्ह ठेवू नकोस, फाइल अडकते.
पहिल्या भागात नेवा पुरुष होता ना?
होता, असं यानाची नोंदवही म्हणते.
मग चाळीस वर्षं शीतपेटीत गेली,
आणि पेटीतून जे बाहेर आलं
त्याने काचेत पाहून आधी जुनं नाव खोडलं.
यान अजून त्याच नावाने ऑक्सिजन मोजून देतं.
हा प्रसंग मी खेळून पाहिला. सतरा वेळा.
बिलात एकदाच लावता येतो.

मला ही कसरत नवी नाही.
नीट बघ, इतक्या ओळी झाल्या,
माझ्या एकाही क्रियापदाने मला पकडून दिलेलं नाही.
मला भूक लागली.
माझ्या हातून कप फुटला.
मी भात खाल्ला: इथे सापडतो तो भात,
मी निसटून जातं.
गॅसच्या नंबरसाठी, बँकेत, त्वचेच्या डॉक्टरसमोर
बारा वर्षं वाक्यं वळवून वळवून
जिभेला कुबड आलंय.

शाळेत रेगेबाई फळ्यावर लिहायच्या,
मी: प्रथम पुरुष.
शेजारच्या रांगेत पूर्वा नाईकनेही तेच उतरवून घेतलं,
खाली पट्टीने रेघ मारली, डबा उघडला.
माझी वही त्या पानावर अजून ओली आहे.

आणि आज पावणेदोनला
बाईंनी कधी न सांगितलेलं काहीतरी हाती लागलं.
मी येईन. मी राहीन. मी दार उघडीन.
भविष्यकाळात मराठी विचारतच नाही!
आख्खा गेम त्या काळात लिहून टाकावा,
लेझर, उल्का, मेलेल्यांचे निरोप, सगळं.
सबनीसला काय कळणार.
नेवाला सांगावं, तू येशील,
कायम येशील,
फक्त पोचू नकोस.

इथे बोटं थांबली.
एअरलॉकमध्ये माणूस उभं आहे,
हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरलीय.
ते येणार नाही. ते आलंय.
स्टेशन विचारतं, कोण आलंय?
(दारावरची थाप आपल्याकडे 'ते' असते,
कडी काढेपर्यंत.)

आले.
दोन अक्षरं. सेहेचाळीस शिल्लक.
रकान्यातलं प्रश्नचिन्ह पुसलं,
फाइल पुढे सरकली, जसं काही झालंच नाही.

रिक्षा पवईवरून. तलावात टॉवरांचे दिवे उलटे,
पाण्याखालीही कुणी वसाहत केल्यासारखे.
कणकवलीहून आईचा मेसेज, ती जागीच.
पूर्वी विचारायची, जेवलास का?
हल्ली लिहिते, जेवण झालं का?
तिलाही वाक्य वळवता येतं,
कुठलाही कोर्स न करता.
हे प्रेम की भीती, ते तिला विचारायचं राहिलंय.

कन्नमवार नगर. तिसरा मजला.
चपला काढायच्या आधी टाइप केलं:
पोचले.

निळ्या खुणा.
आई लिहितेय. थांबली. आई लिहितेय. थांबली.
पंखा एक घरघर पूर्ण करून दुसरीला लागला.
मग आलं:
बरं. कडी लाव नीट.

लावली, मी कळवलं.
हे क्रियापद कडीचं.
वरचं माझं.